सिगारेट महागली की पोरं सोडतात का?

निपाणीचा दुकानदार:
स्टँडकडच्या रस्त्याला आमचं किराणा दुकान. सिगारेटचे दर वाढले की गिऱ्हाईक माझ्यावरच तडकतं, जणू कर मीच बसवलाय. मोठी माणसं कुरकुरत का होईना, पाकीट नेतात. मिसरूड फुटालेली पोरं मात्र काउंटरवर नाणी पसरून तिघांत एक जमते का बघतात. वय विचारलं की "पप्पांना पाहिजे". मी देत नाही. तर कर वाढवून ही पोरं खरंच सोडतात, की नुसती सरकारची तिजोरी भरते? आमचं गाव तंबाखूवर उभं, त्यामुळं इथं हे उघड विचारायची चोरी.

खानापूरचे गुरुजी:
सोडण्यापेक्षा पोरं नादाला लागतच नाहीत, हा फायदा मोठा. किंमत १० टक्के वाढली तर आपल्यासारख्या देशांत खप साधारण ५ टक्के घटतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पोरांत जास्तच. खिशात पैसे मोजके आणि तलफ अजून मुरलेली नसते. कायद्याचं म्हणाल तर कर्नाटकात आता २१ वर्षांची अट आहे, सुटी सिगारेट विकायलाही बंदी. सीमेवरचं कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात कागलला गेलं की अट १८! पूर्वी व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीवरचा करही, ज्या त्या राज्याचा वेगळा होता. २०१७ ला जीएसटी आला आणि कर तेवढा दोन्हीकडं सारखा झाला.

वखारवालीची लेक:
गुरुजी, आणि विडी? माझी आई वखारीत तंबाखू चाळायची. घरी येऊन पदर झटकला की आम्ही भावंडं शिंकत सुटायचो. २०१७ ला सिगारेटवर २८ टक्के जीएसटी नि वर सेस म्हणजे जादा उपकर, विडीवर नुसते २८. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत सिगारेट ४० वर न्यायचं ठरलं आणि विडी उलट १८ वर! नाव विडी वळणाऱ्या बायकांचं पुढं करतात, त्यांची मजुरी किती वाढली ते विचारा की. सिगारेट परवडेना झाली की पोरगं विडीला नाहीतर तंबाखूच्या पुडीला हात घालणार. २०१९ च्या देशभरच्या सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या शाळकरी पोरांत सिगारेट ओढणारी २.६ टक्के, तंबाखू खाणारी ४.१.

निपाणीचा दुकानदार:
ताई, परवाच एक पोरगं सिगारेटचा दर ऐकून मागं फिरलं नि शेजारच्या टपरीवर विडीचं बंडल घेतलं. कानाशी नेऊन दाबून बघालतं, मुरलेल्या म्हाताऱ्यागत. गुरुजी, तुमच्या हिशोबात हे सोडलेल्यांत धरायचं का?