मदत हवी आहे: कॉलेजनंतरचं पहिलं वर्ष – पगार पुरत नाही, कामाचा अंदाज येत नाही, सुट्टीचे दिवस अंगावर येतात

रानजाई
नमस्कार मंडळी. कॉलेज संपलं, नवीन शहरात नोकरी लागली, भाड्याची खोलीही मिळाली. आता तीन गोष्टी अडल्या आहेत. मोठी खरेदी काही नसते, तरी २० तारखेच्या सुमारास पगार संपतो. ऑफिसात कुणी रागावत नाही आणि कौतुकही करत नाही, त्यामुळे काम नीट चाललंय की नाही हेच कळत नाही. आणि शनिवार-रविवारी बोलायला माणूस नसतं. ‘होईल सगळं हळूहळू’ असं सगळेच सांगतात. नेमकं काय करायचं, कुठून सुरुवात करायची, ते कुणी सांगेल का?

हिशेबनीस
आधी पैशाचं बघू. उधळपट्टी शोधत बसू नका, बहुधा ती नसतेच. नव्या पगारदाराचा महिना कोलमडतो तो वर्षातून एकदोनदा येणाऱ्या खर्चांनी: विम्याचा हप्ता, घरी जायचं तिकीट, चष्मा, दाताचं काम, फोनची फुटलेली काच, कुणाला द्यायची भेट. प्रत्येक खर्च ‘या महिन्यापुरता’ वाटतो, पण असा एखादा दर महिन्याला निघतोच.

एका कागदावर बाराही महिन्यांची नावं लिहा आणि हे खर्च ज्या त्या महिन्यापुढे मांडा. नक्की आकडा माहीत नसेल तर थोडा जास्तच धरा. एकूण बेरजेला १२ ने भागा. येईल ती रक्कम पगार जमा झाला त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. त्या खात्याचं कार्ड जवळ बाळगू नका. खातं वेगळं ठेवण्याचं कारण साधं आहे: एकाच खात्यात मोठी शिल्लक दिसली की ती सगळी खर्चायची आहे असं वाटतं.

उदाहरणादाखल हातात येणारा पगार १०० धरू. भाडं आणि बिलं ४५, वार्षिक खर्चांचा बारावा हिस्सा ८, बचत १०, प्रवास ६. उरले ३१. इथे बरेच जण उरलेल्या रकमेला ४ ने भागतात, कारण महिना म्हणजे चार आठवडे. पण चार आठवड्यांचे होतात २८ दिवस, आणि शेवटचे दोनतीन दिवस उघडे पडतात. त्याऐवजी महिन्याच्या ३१ दिवसांनी भागा आणि आठवड्याच्या ७ दिवसांनी गुणा. म्हणजे आठवड्याला ७. दर सोमवारी तेवढीच रक्कम रोजच्या वापराच्या खात्यात टाका. खर्च नोंदवायच्या ॲपपेक्षा हे टिकतं, कारण ॲप खर्च झाल्यावर सांगतं.

एक लक्षात ठेवा, हिशेब खात्यात जमा होणाऱ्या रकमेवर करायचा. ऑफर लेटरवरच्या आकड्यातून कर आणि इतर कपाती जातात, शिवाय वर्षअखेरीचा बोनसही त्यातच धरलेला असू शकतो.

कारकून
वरच्या हिशेबाला जोड. ५०-३०-२० असा एक नियम सतत कानावर येतो: निम्मा पगार गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला. पहिल्या पगारात भाडंच मोठं असेल तर तो जमत नाही आणि माणूस हिशेबच सोडून देतो. तसं झालं तर आधी हौसेचे ३० कमी करा, मग बचत ५ वर आणा, पण शून्यावर नको. रक्कम लहान असली तरी पगाराच्या दिवशी काही बाजूला पडण्याची सवय मोडू नये.

खोलीचंही सांगून ठेवतो. राहायला गेल्या दिवशीच भिंती, नळ, खिडक्या आणि वीजमीटरचं रीडिंग यांचा व्हिडिओ काढून घरमालकांना पाठवा. सोडताना डिपॉझिटवरून वाद होतो तो बहुतेक ‘हा डाग आधीपासून होता’ यावर, आणि तेव्हा हाती पुरावा नसतो. आत्तापर्यंत काढला नसेल तर आज काढा, काहीच नसण्यापेक्षा बरा. डिपॉझिटची पावती, नोटिशीची मुदत आणि दुरुस्तीचा खर्च कुणाचा, या तिन्ही गोष्टी करारात लेखी आहेत का तेही बघा.

रानजाई
खूप आभार दोघांचेही. एक सांगायचं राहिलं: क्रेडिट कार्डावर थोडी थकबाकी आहे, दर महिन्याला किमान रक्कम भरते. आधी बचत करू की आधी कार्ड फेडू?

हिशेबनीस
आधी कार्ड, आणि जरा घाईने. महिन्याला ३ टक्के व्याज धरा. ऐकायला लहान वाटतं, पण चक्रवाढीने वर्षाचं साधारण ४२.६ टक्के होतं. किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के असेल तर भरलेल्यातला निम्म्याहून जास्त भाग व्याजातच जातो. नवीन काहीही न घेता फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर थकबाकी निम्मी व्हायलाच ३२ महिने लागतात. थकबाकी कमी झाली की किमान रक्कमही कमी होते, म्हणून ते असं रेंगाळतं.

शिवाय बहुतेक कार्डांवर जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून बाकी फिटेपर्यंत त्या कार्डावर काहीही घेऊ नका. एका आठवड्याच्या खर्चाएवढी रक्कम हाताशी ठेवा, नाहीतर छोट्या अडचणीला पुन्हा कार्डच काढावं लागेल. बचतीचे १० सध्या पूर्ण कार्डाकडे वळवा. बाकी फिटली की तेच १० आणीबाणीच्या निधीकडे: आधी एक महिन्याचा खर्च, मग तीन ते सहा महिन्यांचा.

उंबरठा
ऑफिसच्या प्रश्नावर. कॉलेजात दर काही महिन्यांनी गुण मिळतात. नोकरीत ते बंद होतात, आणि मन शांततेचा अर्थ ‘नापास’ असा लावतं. बहुतेक वरिष्ठ गप्प असतात कारण काम अडलेलं नाही. पण तुम्ही विचारल्याशिवाय ते कळायचं नाही.

‘माझं काम कसं आहे?’ असं विचारू नका, त्यावर ‘चांगलं आहे’ एवढंच येतं. नुकतंच संपलेलं एक काम घ्या आणि विचारा, ‘पुढच्या वेळी यात एकच गोष्ट वेगळी करायची तर कुठली?’ एकच मागितली की समोरच्याला उत्तर देणं सोपं जातं. आणि पुढच्या कामात ती केलेली दिसू द्या.

अडलं तर किती वेळ स्वतः झगडायचं, हाही नव्या माणसाचा नेहमीचा पेच. साधारण अर्धा तास धरा. मग विचारताना तीन गोष्टी सांगा: काय करायचं होतं, काय काय करून पाहिलं, कुठे थांबले. अर्ध्या दिवसाने ‘जमत नाहीये’ म्हणून जाण्यात वेळ जातो, पाच मिनिटांत जाण्यात विश्वास जातो.

दर शुक्रवारी दहा मिनिटं काढून त्या आठवड्यात काय संपवलं, त्याने कुणाचं काय सुटलं, आकडा असेल तर किती, हे तीन ओळींत लिहून ठेवा. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी कुणालाच, तुम्हालाही, सहा महिन्यांपूर्वीचं आठवत नाही.

माळरान
अगं रानजाई, शनिवार-रविवारचं जे लिहिलंस त्यावर इथे अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. तू माणूसघाणी झालेली नाहीस. मैत्रीला लागतात तास, आणि कॉलेजात ते न मागता मिळतात. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाने २०१८ मध्ये याचा अभ्यास मांडला. ओळखीचं माणूस जुजबी मित्र व्हायला सुमारे ५० तास, मित्र व्हायला ९०, आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून जास्त तास एकत्र घालवावे लागतात, असं त्यात दिसलं. कॉलेजात आठवड्याला २० तास सहज जातात, म्हणजे दहा आठवड्यांत २००. आता आठवड्याला दोन तास मिळाले तर तेवढ्यालाच जवळजवळ दोन वर्षं लागतील.

म्हणून एकदाच भरणाऱ्या मेळाव्यांच्या मागे लागू नकोस. दर आठवड्याला, ठरल्या वारी, त्याच माणसांबरोबर होईल असं एक काहीतरी पकड: भाषेचा वर्ग, गाण्याचा सराव, खेळ, टेकडी चढणं, वाचनालयातलं स्वयंसेवी काम. पहिले चारपाच आठवडे अवघडल्यासारखं होईल, चेहरे ओळखीचे व्हायलाच तेवढा वेळ लागतो. बरेच जण नेमके तिथेच सोडतात. जुन्या मैत्रिणींसाठीही फोनचा वार ठरव. ‘बोलू कधीतरी’ म्हटलं की महिने जातात.

झोपेचं थोडक्यात: किमान सात तास, आणि सुट्टीच्या दिवशी उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त सरकवू नकोस. रविवारी बारापर्यंत झोपलं की रात्री डोळा लागत नाही आणि सोमवार वाया जातो.

आणि एक महत्त्वाचं. उदास वाटणं, कशातच रस न वाटणं हे जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा जास्त टिकलं तर वेळापत्रक बदलत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव. जगणं नको असे विचार आले तर दोन आठवडेही थांबू नकोस, त्याच दिवशी कुणाला तरी सांग आणि मदत घे.

रानजाई
ताई, तितकं नाहीये, पण लक्षात ठेवते. कार्डाचं उद्याच करते. उंबरठा, वरिष्ठांशी बोलायचं कसं सुरू करू? ते सतत बैठकांमध्ये असतात.

उंबरठा
अवघड वाटत असेल तर लेखी विचारा. वेळ मागताना किती मिनिटं आणि कशासाठी, दोन्ही लिहा, नाहीतर ‘राजीनामा देतेय की काय’ असं वाटून समोरचा सावध होतो. असं काहीतरी:

‘नमस्कार सर, मागच्या आठवड्यात दिलेल्या अहवालाबद्दल १५ मिनिटं बोलायचं होतं. पुढचा अहवाल करताना काय सुधारू, आणि येत्या तीन महिन्यांत माझ्याकडून कोणत्या दोन गोष्टी अपेक्षित आहेत, एवढंच विचारायचं आहे. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी तुम्हाला जमेल का?’

बोलणं झालं की त्याच दिवशी ठरलेले मुद्दे चार ओळींत त्यांना पाठवा. तुमच्या ऐकण्यात काही चुकलं असेल तर ते तिथेच दुरुस्त होईल.