मदत हवी आहे: सिव्हिलनंतर एम.प्लॅन (नगर नियोजनाची पदव्युत्तर पदवी) की थेट सहायक नगर रचनाकार?

नमस्कार मंडळी. बी.ई. सिव्हिल, वय २७, तीन वर्षं विकास आराखड्यांची कामं घेणाऱ्या एका खासगी सल्लागाराकडे आहे. क्यूजीआयएस आणि ऑटोकॅड ही नकाशांची सॉफ्टवेअर रोजचीच. गेल्या महिन्यात गटनकाशावर आराखड्यातला १२ मीटरचा रस्ता बसवत होतो, तर एका शेतकऱ्याची चालू विहीर बरोबर रस्त्याच्या मध्यावर आली. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यातल्या कलम २६ खाली त्याने हरकत घेतली, ती मीच वाचली. तेव्हापासून हेच काम नीट शिकून करायचं, हे पक्कं आहे.

एमपीएससीच्या सहायक नगर रचनाकार पदाला सिव्हिलची पदवी चालते, हे जाहिरातीत पाहिलंय. पण जाहिरात कधी येईल याचा भरवसा नाही. एम.प्लॅनच्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा एकदा दिली, सिव्हिलच्या पेपरने; गुण कमी पडले. आता आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगच्या पेपरचा भाग बी-२, म्हणजे प्लॅनिंगचा भाग, करतोय.

अडचण अशी की घरी कमावणारा मी एकटाच. दोन वर्षं बिनपगारी राहायचं तर स्टायपेंड मिळायलाच हवा. पुण्याबाहेर, म्हणजे दिल्लीचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) किंवा अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठही चालेल, पण सेप्टची फी झेपणार नाही. आयटीपीआय या नगर नियोजनकारांच्या संस्थेची असोसिएटशिप परीक्षा नोकरी सांभाळून देता येते असं कळलं.

सिव्हिलमधून नगररचना विभागात गेलेल्यांनी कृपया सांगावं: पुढच्या बढतीत एम.प्लॅनचा प्रत्यक्ष उपयोग झाला का, आणि एम.प्लॅनच्या जागी आयटीपीआयची परीक्षा धरतात का?