पिक्सेलवर ग्राफीन ओएस टाकू का? सी विंगच्या ग्रुपवरची चर्चा

निनाद (सी-५०३): मंडळी, माझ्या पिक्सेल ७ए वर (फोनही गूगलचाच) ग्राफीन ओएस टाकायचं म्हणतोय, म्हणजे गूगलच्या सेवा वगळून बनवलेलं, सुरक्षेवर भर देणारं अँड्रॉइड. कुठे गेलो, काय शोधलं, सगळं गूगलला कळतं याचा वैताग आलाय. कुणी वापरलंय का? माझा रोजचा फोन हाच आहे.

मृणाल (सी-१०२): मी आठ महिने वापरलं निनाद, जानेवारीत परत मूळ अँड्रॉइडवर आले. सिस्टिम भक्कम आहे, त्यात वादच नाही. एकेका ॲपचं इंटरनेटसुद्धा तोडता येतं. ते सोडताना जिवावर आलं होतं.

पण बँकेचं घे. बँकेचं ॲप गूगलला विचारतं, हा फोन मान्यतेचा आहे का? ग्राफीन टाकल्यावर बूटलोडर, म्हणजे फोन लावताना सिस्टिम सुरू करणारा भाग, पुन्हा लॉक होतो, सुरक्षेत काही उणं नाही. तरी सिस्टिम गूगलने प्रमाणित केलेली नाही म्हणून त्या तपासणीत पूर्ण पास होत नाही. माझं ॲप पाच महिने नीट चाललं. मग एका अपडेटनंतर ‘डिव्हाइस सुरक्षित नाही’ म्हणून बंद व्हायला लागलं. मला कळलं ते मेडिकलच्या काउंटरवर, रात्री साडेनऊला. बाबांची गोळी हवी होती आणि पर्समध्ये ८० रुपये. दुकानदार ओळखीचे, त्यांनी उधार दिलं.

सुजय (सी-४०१): ताई, मी दीड वर्ष वापरतोय. सँडबॉक्स्ड गूगल प्ले, म्हणजे खास अधिकार न देता साध्या ॲपसारखं चालणारं गूगल प्ले, टाकलं की माझ्या दोन्ही बँका चालतात. सरसकट नको म्हणू नका.

मृणाल: सरसकट नाही म्हणत सुजय. तुमच्या बँकांनी ती तपासणी अजून लावलेली नसेल. उद्या लावली तर आधी सांगणार नाहीत. ग्राफीनला वेगळं ओळखून परवानगी द्यायची सोय बँकांना आहे, पण तेवढे कष्ट फार थोडे घेतात.

सुजय: हे मान्य. मीही जुना फोन बँकेसाठी ठेवलाच आहे.

मृणाल: आणि गेटचं ॲप. गूगल लागणारी सगळी ॲप मी वेगळ्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्याच फोनमधल्या दुसऱ्या स्वतंत्र कप्प्यात ठेवली होती, काम झालं की ते प्रोफाइल बंद करायचे. बंद प्रोफाइलमधलं ॲप चालतच नाही, मग ‘पाहुणे आलेत’ ही सूचना कुठून येणार? मे महिन्यात आई साताऱ्याहून आली. तिच्या फोनची बॅटरी संपलेली, वॉचमन नवा, ॲपवर होकार आल्याशिवाय सोडेना. मी घरातच होते. पाऊण तासाने कचरा टाकायला खाली गेले, तर ती केबिनच्या सावलीत पिशवीवर बसलेली. मला अजून वाईट वाटतं.

यूपीआयचंही सांगते. नव्याने सुरू करताना सिमवरून एसएमएस जावा लागतो, आणि दुसऱ्या प्रोफाइलला कॉल-एसएमएस मुळात बंद असतात, ते आधी चालू करावं लागतं. शिवाय पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा. गूगल पे ने टॅप करून पैसे देणं तर विसरच.

देशपांडे काका (सी-२०४): अगं मृणाल, नातू माझ्या रेडमीवर असलंच काहीतरी टाकून देतो म्हणतोय. टाकू का?

मृणाल: काका, ग्राफीन फक्त पिक्सेलवर चालतं. तो लिनिएज ओएस म्हणत असेल, तेही असंच वेगळं अँड्रॉइड, पण बऱ्याच कंपन्यांच्या फोनवर चालणारं. बहुतेक फोनवर ते टाकलं की बूटलोडर उघडाच ठेवावा लागतो. फोन चोरीला गेला तर आत्ता आहे तेवढंही संरक्षण राहत नाही. तुमचं पेन्शनचं खातं त्याच फोनवर आहे ना? मग नका टाकू.

निनाद: आमचं लाइटबिल, गॅस, आजीची औषधं, सगळं माझ्याच फोनवरून जातं ताई. नकोच म्हणता?

मृणाल: या फोनवर नको. जुना पिक्सेल मिळाला तर त्यावर टाक आणि महिना-दोन महिने दोन्ही वापर. तोवर याच्यावरच्या लोकेशन आणि माइकच्या परवानग्या एकेक ॲप बघून काढ. जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातवाले ज्यावरून फोन ओळखतात तो क्रमांक, डिलीट कर, सेटिंग्जमध्ये ‘जाहिराती’ शोधलं की सापडतं. बराच फरक पडतो.

आणि तरी टाकायचंच ठरलं, तर बूटलोडर अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो हे लक्षात ठेव. फोटो आपण आठवणीने काढतो, लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप विसरतो. ते आधी दुसऱ्या फोनवर हलव. माझी दोन खाती परत उघडायला आठवडा गेला.

देशपांडे काका: मृणाल, त्या परवानग्या मला जमायच्या नाहीत. रविवारी फोन घेऊन येऊ का?

मृणाल: या ना काका, दहानंतर. चार्जर घेऊन या.