असिट्रॉम चालू असताना कॅल्शियमची गोळी, शेवगा पावडर, ओमेगा-३ : आयएनआर घसरलाय

पंचवटीकर
नमस्कार. वडील ६८ वर्षांचे, हृदयातली मायट्रल झडप धातूची बसवलेली. असिट्रॉम (रक्त पातळ ठेवणारी गोळी) २ एमजी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी, एकही गोळी चुकलेली नाही. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) २.८ च्या आसपास असायचा, कालचा १.७ आलाय. महिन्याभरात तीन गोष्टी नव्याने सुरू झाल्या : कॅल्शियम-डी३ ची गोळी, शेवग्याच्या पाल्याची पावडर रोज दोन चमचे, ओमेगा-३ कॅप्सूल. यातलं काय बंद करू? शिवाय कुणीतरी त्यांना द्राक्षं खायची नाहीत म्हणून सांगितलंय. खरं आहे का?

औषधपेटी, सातपूर
आधी आजच्या आज हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. धातूच्या मायट्रल झडपेला आयएनआर साधारण २.५ ते ३.५ लागतो. १.७ वर झडपेत गुठळी धरायची भीती असते. डोस घरच्या घरी वाढवू नका. मधल्या काळात हेपरिनचं (गुठळी रोखणारं) इंजेक्शन द्यायचं का, हेही डॉक्टरच ठरवतील. धाप लागली, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला किंवा झडपेची टिकटिक दबकी वाटली, तर फोनात वेळ न घालवता १०८ बोलवा.

आता कॅल्शियमची स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. के२-७, एमके-७ किंवा मेनाक्विनोन लिहिलंय का? ही सगळी व्हिटॅमिन के२ चीच नावं. हल्ली बऱ्याच कॅल्शियम-डी३ गोळ्यांत ते असतं आणि गोळीच्या नावावरून कळत नाही. असिट्रॉम व्हिटॅमिन के चं काम अडवतं, आणि तुम्ही तेच वरून देताय. एमके-७ रक्तात काही दिवस टिकतं, म्हणून थोडे मायक्रोग्रॅमही पुरतात. शेवग्याच्या पाल्यातही व्हिटॅमिन के भरपूर. दुकानात ‘के२ नसलेलं साधं कॅल्शियम-डी३’ असं स्पष्ट सांगून मागा.

गोदाकाठ
वरचं सगळं बरोबर, पण ‘काय बंद करू’ यातच खरी मेख आहे. आज डॉक्टरांनी डोस वाढवला आणि चार दिवसांनी तुम्ही के२ आणि पावडर बंद केली, तर आयएनआर उलटा ४-५ च्या वर जाऊ शकतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून कोणती गोष्ट कोणत्या तारखेला सुरू झाली, रोज किती आणि कधी थांबवणार, हे फोनवरच सांगा. डोस बदलला किंवा काही थांबवलं की ४-५ दिवसांत तपासणी, मग आकडा स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला.

पालेभाज्या तोडू नका. थंडीत मेथी, पालक, शेपू स्वस्त झाली की ताटात एकदम दुप्पट होते, तिथे बिघडतं. आठवड्याला तीन वाट्या असतील तर बारा महिने तीनच ठेवा.

द्राक्षं खुशाल खाऊ द्या. औषधांच्या माहितीपत्रकात असतं ते ग्रेपफ्रूट, पपनसाच्या जातीचं लिंबूवर्गीय फळ. नावामुळे आपल्याकडे हा घोळ फार होतो.

ओमेगा-३ ने आयएनआर खाली येत नाही, तो या घसरणीतून वगळा. पण सोबत इकोस्प्रिन (अ‍ॅस्पिरिन) असेल तर रक्तस्रावाच्या खुणा म्हणून हिरड्या, नाक, काळी शी यांवर लक्ष ठेवा. हळद फोडणीपुरती ठीक, कर्क्यूमिनच्या (हळदीच्या अर्काच्या) कॅप्सूल नकोत. २०१८ साली न्यूझीलंडच्या औषध नियामकाने हळदीच्या गोळ्यांनंतर वॉरफरिनवरच्या (असिट्रॉमच्याच गटातलं औषध) रुग्णाचा आयएनआर १० च्या वर गेल्याचं कळवलं होतं. गुडघेदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळा. पॅरासिटामॉल चालतं, पण रोज २ ग्रॅम सलग काही दिवस झालं तर त्यानेही आयएनआर चढतो.

सिडकोवाले
आईला रिव्हारोक्साबॅन २० एमजी (तीही रक्त पातळ ठेवणारी, पण नव्या प्रकारची गोळी) आहे, झडपेचा त्रास नाही. तिलाही के२ बंद करायचं का?

औषधपेटी, सातपूर
नाही. ती गोळी व्हिटॅमिन के अडवून काम करत नाही, त्यामुळे पालेभाजी आणि के२ चा प्रश्न नाही. २० ची गोळी मात्र भरल्या पोटी घ्यायची, नाहीतर नीट शोषली जात नाही. सेंट जॉन्स वॉर्ट (एक औषधी वनस्पती) असलेलं काही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्याने औषधाचा असर घटतो. कर्क्यूमिन कॅप्सूल इथेही नकोच. पंचवटीकर, हे वाचून वडिलांची गोळी बदलायचा विचार नको. धातूच्या झडपेला या नव्या गोळ्या चालत नाहीत.

पंचवटीकर
स्ट्रिपवर मेनाक्विनोन-७, ४५ मायक्रोग्रॅम निघालं. डॉक्टरांशी बोलणं झालं, तिन्ही पाकिटं घेऊन संध्याकाळी बोलावलंय.