चिनी शब्द वाचताना नेमकं अडतं कुठे? (अनुभव धागा)

चिनी शिकवणारे, भाषांतर करणारे, वाचनावर प्रयोग करणारे, सगळ्यांनी लिहा. 'अवघड आहे' एवढं आम्हालाही माहीत आहे. कोणता शब्द, का अडतो आणि त्यावर काय करायचं, ते हवंय. उच्चार देवनागरीत द्या.

बोरू
रेघा मोजणं आधी बंद करा. नवख्याला जास्त रेघांच्या अक्षराची धडकी भरते खरी, पण सरावलेल्या वाचकाला रेघांपेक्षा तो शब्द एरवी किती वेळा भेटतो, याचा फरक जास्त पडतो. उलट कमी रेघांची अक्षरंच फसवतात. 'वेइ' (अजून नाही) आणि 'मो' (शेवट) दोन्ही पाच रेघांची. दोन आडव्या रेघांपैकी वरची आखूड असेल तर 'वेइ', लांब असेल तर 'मो'. बास, एवढाच फरक! ही जोडी सुटी घोकून घेऊ नका, शब्दात घालूनच दाखवा.

शब्दांची वारंवारता (शब्द किती वेळा येतो ते) बघायला 2010 ची, सिनेमा-मालिकांच्या उपशीर्षकांवरून केलेली यादी घ्या. 3.35 कोटी शब्दांवर बेतलेली आहे. वर्तमानपत्री याद्यांत सरकारी शब्द उगाच वर चढतात.

शाईदौत
बोरूंशी सहमत. भर एवढीच की विरळ अक्षर आलं की वाचक त्यातल्या उच्चारदर्शक भागाचा (उच्चार सुचवणाऱ्या तुकड्याचा) आधार घेतो. नेहमीचं अक्षर तो थेट ओळखतो. उजवीकडे 'छिंग' हा तुकडा असलेल्या अक्षरांचं कुटुंब घ्या. डावीकडे पाणी आलं तर स्वच्छ, बोलणं आलं तर विनंती, सूर्य आला तर निरभ्र, हृदय आलं तर भावना. चारही 'छिंग', फक्त सूर (आवाजाची चढ-उतार) बदलतात. मग डावीकडे प्राण्याची खूण येते आणि उच्चार होतो 'त्साय' (अंदाज करणे). विद्यार्थी हमखास 'छिंग' वाचतो. म्हणून कुटुंब शिकवतानाच अपवादही त्याच पानावर द्या. 'ये'च्या कुटुंबावर तर भिस्त ठेवूच नका: त्यात 'था' (तो) आहे आणि 'ती'ही आहे (म्हणजे जमीन, आपली ती नव्हे).

अधांतरी
खरा घोळ शब्द कुठे तुटतो याचा. चिनीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. 'येन-च्यू-शंग-मिंग' अशी चार अक्षरं ओळीने आली, की 'येनच्यू' (संशोधन) आणि 'शंगमिंग' (जीवन) असं तोडायचं. पण मध्ये 'येनच्यूशंग' (पदव्युत्तर विद्यार्थी) दबा धरून बसलेला असतो. तो उचलला की शेवटचं 'मिंग' लोंबकळतं आणि नजर मागे फिरते. चिनी वाचकाला एका नजरेत डावीकडचं एक आणि उजवीकडची साधारण तीन अक्षरं उपयोगी पडतात, त्यामुळे पुढचं वाक्य बघून आधीच सावध होणं कठीण.

शब्दांमध्ये जागा सोडल्याने मुरलेल्या चिनी वाचकाचा वेग वाढतही नाही, घटतही नाही. प्रत्येक अक्षरानंतर जागा सोडली तर मात्र घटतो. शिकाऊंच्या पहिल्या उताऱ्यांत जागा सोडा, पुढे हळूहळू काढून टाका.

मिलिसेकंद
'हा शब्द आहे की नाही' हा प्रयोग (पडद्यावरची अक्षरं खरा शब्द आहे की खोटा, ते माणूस बटण दाबून सांगतो) लावणाऱ्यांसाठी. खोटे शब्द खऱ्या अक्षरांचेच करा आणि ती अक्षरं खऱ्या शब्दांतल्याइतकीच वापरातली ठेवा. विरळ अक्षरं घातलीत की माणूस शब्द न वाचताच 'नाही'चं बटण दाबतो.

तुलनेसाठी दोन-अक्षरी शब्दांच्या जोड्या लावताना शब्दाची वारंवारता, दोन्ही अक्षरांची स्वतंत्र वारंवारता आणि एकूण रेघा, तिन्ही सारखं करा. वारंवारतेचा लॉग (लॉगॅरिदम) घ्या, कच्चा आकडा नको. मगच अर्थाची पारदर्शकता (अक्षरांवरून शब्दाचा अर्थ कळतो का, ते) तपासा: 'ह्वोछ' (आग + गाडी = रेल्वे) उघड आहे, 'माहू' (घोडा + वाघ = निष्काळजी) अजिबात नाही. पारदर्शकतेचे गुण प्रयोगात नसलेल्या लोकांकडून घ्या. 'मिफंग' (मधमाशी) आणि 'फंगमी' (मध) ही तीच अक्षरं उलटसुलट, तेव्हा दोन्ही एका यादीत नकोत.

2018 मध्ये याच प्रयोगातल्या 12,578 शब्दांच्या प्रतिसादवेळा (बटण दाबायला लागलेला वेळ) प्रसिद्ध झाल्या आहेत. शब्द निवडताना त्या चाळा. फक्त ते शब्द सरलीकृत (कमी रेघांच्या, मुख्य चीनमधल्या) लिपीतले आहेत. 'घोडा' तिथे तीन रेघांचा, पारंपरिक लिपीत दहांचा; तैवान-हाँगकाँगच्या वाचकांसाठी ते आकडे चालणार नाहीत.