प्रतिसाद: देसाऊचा मुक्काम

अभ्यासदौऱ्यात फोटोंपलीकडे हाती काय लागतं, असं विचारलंत म्हणून लिहिते. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आम्ही जर्मनीत देसाऊला गेलो होतो. वास्तुरचनाकार ग्रोपियसने बांधलेली बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेची इमारत (१९२६) पुस्तकांत शंभरदा पाहिलेली. पण कार्यशाळेच्या त्या काचेच्या भिंतीतल्या खिडक्या साखळी आणि चाकाने उघडतात, चाक फिरवलं की अख्खी ओळ एकदम, हे तिथे उभं राहिल्यावरच कळलं. किती वेळ बघत होते मी! विद्यार्थ्यांच्या जुन्या खोल्यांत आता पाहुण्यांना राहता येतं. न्हाणीघर सामाईक, पूर्वेकडच्या बाल्कन्या अगदी चिमुकल्या. तिथे बसून पहाटे तासभर स्केचिंग केलं. बर्लिनहून एका दिवसात उरकू नका, मुक्काम कराच.