रक्तात शिसं आणि लिव्हरसाठी अँटिऑक्सिडंट गोळ्या, मदत हवी आहे

जाणकारांनो जरा सांगा. माझा धाकटा भाऊ बॅटरीच्या कारखान्यात आहे, त्याच्या रक्तात शिसं जास्त निघालं आणि एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) पण वाढलंय, तेव्हापासून जो तो सिलिमारिन (मिल्क थिसल नावाच्या वनस्पतीचा अर्क) नाहीतर कर्क्युमिनच्या (हळदीतला घटक) गोळ्या सुचवतोय. मी वाचलं त्यावरून एवढं कळलं की शिसं, कॅडमियम असले धातू ग्लुटाथायोनला (पेशींचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) चिकटतात, मग पेशींचा बचाव कमी पडतो, आणि क्वेर्सेटिन (कांद्यासारख्या भाज्या-फळांतलं अँटिऑक्सिडंट) वगैरे दिलं की उंदरांच्या लिव्हरचे आकडे सुधारतात. पण अशा बऱ्याच प्रयोगांत ते धातूसोबतच किंवा आधीपासून देतात, इथे तर विष अंगात जाऊन बसलंय! शिवाय कर्क्युमिन आतड्यातून नीट शोषलंच जात नाही आणि हळदीच्या गोळ्यांनी उलट लिव्हर बिघडल्याच्या केसेस पण आहेत, मला त्याचीच जास्त भीती वाटतेय.

डॉक्टरांनी आधी कामाची जागा बदला म्हणून सांगितलंय, गरज पडली तर सक्सिमर (शिसं बांधून लघवीतून बाहेर काढणारं औषध) देणार. त्यासोबत सिलिमारिन चालतं का? माणसांवरचा एखादा अभ्यास कोणी वाचलाय का? भाऊ गोळ्या मागवायला निघालाय, मी कसंबसं थांबवलंय, प्लीज लवकर सांगा.